निकाल सांगायचा नाही

आखातातल्या आमच्या खोबरच्या घरात फारसे नियम नव्हते. चपला दाराबाहेर काढायच्या, लबनची, म्हणजे तिथल्या ताकाची, बाटली उघडली की दोन दिवसांत संपवायची, आणि आईची शिकवणी चालू असताना बाहेरच्या खोलीत घुटमळायचं नाही, एवढेच. माझ्या बारावीच्या वर्षी त्यात आणखी एका नियमाची भर पडली आणि तो बाकी सगळ्यांना पुरून उरला. निकाल सांगायचा नाही. निकाल कसला, तर युरोपातल्या क्लबांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा. माझे बाबा भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले, जुबैलच्या एका कारखान्यात मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळणारे गृहस्थ. त्यांना अथेन्सच्या हिरव्या जर्सीवाल्या संघाचं वेड लागलं, याचं आमच्या इमारतीत कुणालाही नवल वाटलं नाही. परमुलखात राहणाऱ्या माणसाला कशाचं तरी वेड लागतंच. खालच्या मजल्यावरचे निंबाळकरकाका गच्चीत डब्यांतून कारली लावायचे आणि वर आलेल्या प्रत्येकाला ती मोजायला लावायचे. त्या मानाने आमचं बरं होतं.

हे वेड घरात आणलं स्तावरोसने. तो बाबांच्या साइटवरचा ग्रीक सुपरवायझर, गोल पोटाचा आणि मोठ्या आवाजाचा. खोबरहून जुबैलला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो बाबांच्या शेजारी बसायचा. एकदा बोलता बोलता बाबांनी त्याला सांगितलं की कॉलनीतल्या इन्स्टिट्यूटच्या मैदानावर आपण बास्केटबॉल खेळत होतो, रेल्वेच्या ज्युनिअर संघात निवडही झाली होती, मग आजोबा गेले आणि खेळ सुटला. स्तावरोसने पुढच्या शुक्रवारी आमच्या गच्चीवर येऊन डिश फिरवून दिली. एक ग्रीक वाहिनी लागली. त्यातलं एक अक्षर आम्हाला कळायचं नाही, तरी समालोचन ऐकून कोण चिडलंय आणि कोण खूश आहे ते नीट कळायचं. बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसून पाहायचे, आणि कुणी चेंडू टाकायला हात उचलला की त्यांचं मनगटही आपोआप वाकायचं. तोपर्यंत माझे बाबा मला फक्त दमून येणारे गृहस्थ म्हणून माहीत होते. त्यांना मनगट आहे, हे मला त्या वर्षी कळलं.

अडचण एकच होती. सामने व्हायचे आमच्याकडच्या रात्री, आणि बाबांना पहाटे साडेचारची बस पकडायची असे. म्हणून व्हीसीआर आला. तो सेकंड हँड होता आणि त्याचं झाकण एका बाजूने उचकलेलं होतं, पण त्याचा टायमर चोख होता. बाबा झोपण्यापूर्वी कॅसेट घालायचे, काउंटर शून्यावर आणायचे, टायमर लावायचे आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर ओढायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, अंघोळ झाली, की आम्ही तिघांनी मिळून सामना पाहायचा. तोवर कुणी कॅसेटला हात लावायचा नाही, ग्रीक वाहिनी लावायची नाही, आणि कुठून काही कळलंच तर तोंडाला कुलूप. स्तावरोसलाही त्यांनी बजावून ठेवलं होतं म्हणे, बसमध्ये बसल्यावर अवाक्षर काढायचं नाही. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की आई पदराआड हसायची.

नियम मोडला आईनेच. मला अजून तो दिवस आठवतो, कारण त्या दिवशी शाळेत फिजिक्सच्या तिमाहीत मी आपटले होते आणि घरी कसं सांगावं या विचारात जिना चढत होते. दार उघडलं तर आई टीव्हीसमोर बसली होती. मांडीवर मेथीची जुडी, पेपरावर काड्यांचा ढीग, आणि पडद्यावर हिरवे पळत होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बस पटकन. शेवटची पाच मिनिटं राहिलीत." फिजिक्सचं सांगायचं राहूनच गेलं. सामना संपला, आईने मशीन बंद केलं, कव्हर होतं तसं ओढलं, आणि संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसून तिने तोच सामना इतक्या साळसूद चेहऱ्याने पाहिला की मी बघतच राहिले. हिरवे मागे पडले तेव्हा तिने "अगं बाई" सुद्धा म्हटलं. पुढच्या खेपेपासून मी तिची भागीदार झाले. दुपारी दोनला माझी शाळेची बस यायची, चारला तिची शिकवणीची मुलं यायची. मधले दोन तास आमचे. एसीची घरघर, दुपारच्या नमाजासाठी खाली ओढल्या जाणाऱ्या दुकानांच्या शटरचा आवाज, ग्रीक माणसाचा आरडाओरडा आणि आमचं वरणभाताचं ताट. मला विचाराल तर माझं सगळं बारावीचं वर्ष एवढ्यात मावतं.

आईला खेळ बाबांपेक्षा जास्त कळतो, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. ती गुणांकडे बघायचीच नाही. तिने खेळाडूंना नावं ठेवली होती. एक उंच, संथ खेळाडू कधी घाईत दिसायचा नाही, पण चेंडू मात्र बरोबर ज्याच्या त्याच्या हातात पोचवायचा. तो पोस्टमास्तर. दुसरा एक देखणा, पहिल्या दहा मिनिटांत चेंडू मिळाला नाही की गाल फुगवून कोपऱ्यात उभा राहायचा, आणि मिळाला की लांबून एकामागून एक टाकत सुटायचा. तो जावईबापू. "त्याला आधी वाढा, मग बघा कसा खुलतो," असं ती म्हणायची आणि तसंच व्हायचं. तिचा सगळ्यात लाडका खेळाडू मात्र तिसराच होता. तो फारसा टाकायचा नाही, पळायचा नाही. नुसता येऊन प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत आडवा उभा राहायचा, छातीवर धक्का खायचा, आणि त्याच्या आडोशाने दुसराच कुणी मोकळा सुटायचा. बाबांनी सांगितलं होतं की याला स्क्रीन म्हणतात. आई म्हणाली, "नाव काही का असेना. धक्का हा खातो आणि टाळ्या दुसऱ्याला."

आता खरी गोष्ट सांगते. त्या मोसमात आमच्या घरात आणखी एका गोष्टीचा निकाल लागायचा होता. आमच्याकडे, म्हणजे खोबर-दम्मामच्या आपल्या लोकांत, एक रीतच होती. तिथे पुढच्या शिक्षणाची सोय नाही, त्यामुळे पोरं बारावी झाली की भारतात जायची. पोर गेली की पाठोपाठ आई जायची, फ्लॅट सोडायचा, आणि वडील कंपनीच्या कॅम्पात जाऊन चारजणांच्या खोलीत बॅचलर म्हणून राहायचे. यात कुणी कुणाला विचारत नसे. दरवर्षी मे महिन्यात इमारतीतलं एखादं घर असं मिटायचं आणि बायका निरोपाच्या जेवणात एकमेकींना लोणच्याच्या बरण्या वाटायच्या. त्या वर्षी आमची पाळी होती. पण आईला जायचं नव्हतं. तिने ते आडवळणाने सांगितलं नाही, सरळच सांगितलं. हिरव्यांचा पहिलाच सामना संपला होता, बाबा कॅसेटवर पेनाने नाव लिहीत होते, आणि ती म्हणाली, "मनूचं झालं तरी मी इथेच राहणार. मला परत जायचं नाही." बाबा कॅसेटवरून नजर न काढता म्हणाले, "बघू. आधी हा मोसम संपू दे."

तिला का जायचं नव्हतं, ते तेव्हा मला नीटसं कळलं नाही. भुसावळच्या आमच्या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा पंधरा माणसं होती, आणि तिची म्हणावी अशी एक पत्र्याची पेटी. खोबरचा दोन खोल्यांचा फ्लॅट हे तिचं पहिलं स्वतःचं घर. तिथे कुठला डबा कुठे ठेवायचा हे तिने ठरवलं होतं. इमारतीतली नऊ मुलं तिच्याकडे गणित शिकायला यायची आणि त्यांच्या आया तिला टीचर म्हणायच्या, मल्याळी, हैदराबादी, सगळ्या. एकटीने बाहेर पडायची सोय नाही, काळा अबाया घातल्याशिवाय कोपऱ्यावरच्या बकालात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, जाता येत नाही, मग त्या देशात हिचं असं काय अडकलंय, असं भारतातले नातेवाईक विचारायचे. ती हसायची. मलाही तेव्हा तोच प्रश्न पडायचा. आज स्वतःचं घर चालवताना मला त्याचं उत्तर रोज मिळतं.

थंडी पडली, म्हणजे खोबरला पडते तेवढी. हिरवे जिंकत गेले, मधेच दोनदा वाईट हरले, पुन्हा सावरले. संध्याकाळचा आमचा कार्यक्रम ठरून गेला. आई गॅसवर भलंमोठं काळं वांगं भाजायची, तिथल्या वांग्यांना बिया कमी आणि अंगच जास्त, आणि भुसावळची चव यावी म्हणून हिरव्या मिरच्या आणि लसूण खलबत्त्यात असा ठेचायची की शेजारचा इजिप्शियन दारावर टकटक करून विचारून जायचा, सगळं ठीक आहे ना. भरीत आणि गरम खबूस, म्हणजे तिथली रोटी, पुढ्यात घेऊन आम्ही बसायचो. दुपारीच पाहिलेला सामना संध्याकाळी न पाहिल्यासारखा पाहणं सोपं नसतं. मी नेमकी चुकीच्या वेळी हसायचे. आई मला चिमटा काढायची. बाबा आम्हाला समजावून सांगायचे, आता बघा, आता हा असा येईल, आणि आम्ही दोघी वेड पांघरून पेडगावला जायचो. कधीकधी त्यांचा अंदाज इतका अचूक यायचा की मला त्यांचा अभिमान वाटायचा. आपले बाबा खरंच मोठे खेळाडू झाले असते, असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मार्चमध्ये माझी परीक्षा झाली. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी निंबाळकरकाकू कुकरची शिट्टी परत करायला आल्या. मी आतल्या खोलीत पुस्तकं बांधत होते. काका बाबांच्याच कंपनीच्या ऑफिसात होते, आणि काकूंच्या पोटात काही राहायचं नाही. त्या म्हणाल्या, "आता तुमचीही बांधाबांध की हो. तुमच्या साहेबांनी कॅम्पाच्या कागदावर जानेवारीतच सही केली म्हणे. बरं केलंत, लवकर ठरवलंत ते." मग आईचा नेहमीचा आवाज आला, ती काकूंना विचारत होती, चहा घेणार का. काकू गेल्यावर ती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी सुतळीची गाठ मारत होते. मी ऐकलंय हे तिला दिसलं, आणि तिला दिसलंय हे मला. ती म्हणाली, "गाठ घट्ट मार, सुटेल." त्या संध्याकाळी बाबा आले, आणि आईने त्यांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. सामना नव्हता, तरी आम्ही जुनी कॅसेट लावून पाहिली.

आणि इथे मला जे कबूल करायचं आहे ते असं, की मला आनंद झाला होता. मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं आणि मी आतून भेदरलेले होते. मी कधी एकटीने रस्ता ओलांडला नव्हता, रिक्षाशी बोलले नव्हते, दुकानात पैसे दिले नव्हते. शाळेची बस आणि बाबांचा हात, यापलीकडे माझं जग नव्हतं. हॉस्टेल म्हटलं की मी विषय बदलायचे. आई बरोबर येणार, पुण्यात दोन खोल्या घेऊन आपण राहणार, हे त्या कागदाने परस्पर ठरवून टाकलं होतं आणि मला तोंड उघडावं लागलं नव्हतं. रोज दुपारी मी आईच्या शेजारी बसून सामने पाहत होते आणि मनातल्या मनात तिच्या विरुद्ध बाजूने खेळत होते. तिचा चेहरा उतरलेला दिसायचा, मला वाईटही वाटायचं, आणि तरी सुटल्यासारखं वाटायचं. सतरा वर्षांच्या मुलीला एवढं स्वार्थी असता येतं.

हिरवे शेवटच्या चार संघांत पोचले. ती लढत इटलीत, बोलोन्याला होती. उपांत्य सामना शुक्रवारी आला. शुक्रवार, म्हणजे बाबांना सुट्टी, म्हणजे कॅसेटची भानगड नाही. साऱ्या मोसमात तेवढा एकच सामना आम्ही तिघांनी एका वेळी आणि खरोखर काही माहीत नसताना पाहिला. आणि आमची फजिती झाली. आई ओरडली ती अशी ओरडली की हातातलं ताट कलंडलं. मी नखं खाल्ली. बाबांना एकही अंदाज बरोबर देता आला नाही, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. सामना जिंकल्यावर ते आईकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "आज फार जोरात ओरडलीस." आई म्हणाली, "सामनाच तसा होता." ते हसले, पण थोडंसंच.

अंतिम सामना रविवारी झाला. समोर बोलोन्याचाच संघ होता, म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांनी भरलेल्या मैदानात खेळणारा. सोमवारी दुपारी आई आणि मी तो पाहिला, निकाल कळला, कव्हर ओढलं. संध्याकाळी बाबा आले. अंघोळ झाली, भरीत झालं, खबूस आलं. मध्यंतरानंतरही हिरवे मागेच होते. सगळं स्टेडियम त्यांच्याविरुद्ध ओरडत होतं. पोस्टमास्तर शांतपणे चेंडू टपटपवत उभा होता, आणि आई सवयीने म्हणाली, "आता यांचं कसं व्हायचं?"

बाबांनी रिमोट उचलला आणि टेप थांबवली. पडदा निळा झाला. मला वाटलं, मशीन बिघडलं.

"पुरे झालं," ते म्हणाले. "तुला माहीत आहे कसं व्हायचं ते. दुपारी पाहिलंस तू. मनूनेही."

बाबांनी व्हीसीआरकडे बोट केलं. रेकॉर्डिंग टायमर संपेपर्यंत चालतं, म्हणाले, सामना संपल्यावर त्या ग्रीक बातम्याही येतात. तुम्ही सामना संपला की बंद करता. मग काउंटर मी ठरवलेल्या आकड्यावर कसा असेल? दर वेळी कमी असतो. दिवाळीपासून बघतोय. आकडे वाचण्याचाच मला पगार मिळतो. मग म्हणाले की स्वतः त्यांनाही निकाल पहाटेच कळायचा. स्तावरोस गप्प बसायचा, पण हिरवे जिंकले की तो बसमध्ये गुणगुणायचा आणि हरले की खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. कधी कोण चांगलं खेळलं तेही न राहवून सांगून टाकायचा. त्यांचे ते अचूक अंदाज, त्याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. वहीतलं ते वाक्य मी पुढे खोडून टाकलं.

म्हणजे सात महिने आम्ही तिघं, निकाल आधीच माहीत असून तो एकमेकांपासून लपवत, एका सोफ्यावर बसून भरीत खात होतो. मला हसू आलं. मी हसलेही. कुणी साथ दिली नाही.

आईने ताट खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. "आणि कॅम्पाचा कागद?" तिने विचारलं. "त्याचा काउंटर मी मार्चपासून बघतेय."

बाबांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. ते सांगू लागले की जानेवारीत कंपनीने विचारलं, सगळेच सह्या करत होते, तुझं मन दुखवायचं नव्हतं, परीक्षा होती, सांगणारच होतो, फायनल झाली की सांगणार होतो. आई ऐकत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी जाणार नाही असं म्हटलं असतं, तुम्ही जा म्हटलं असतं, भांडलो असतो. हरलेही असते कदाचित. पण तुम्ही मला खेळूच दिलं नाहीत हो. आधीच निकाल लावून आलात, आणि वर रोज माझ्या शेजारी बसून जेवलात."

खाली कुणीतरी मोटारीचा भोंगा वाजवत होतं. बाबा म्हणाले, "मला तू इथे हवी आहेस. तेवढं मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. पोरीला एकटीला कसं पाठवायचं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "मनू, आता लपवाछपवी नको. खरं सांग. तुला मी यायला हवी का?"

अख्ख्या घरात लपवाछपवी संपल्याला पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मला हवी होती ती. मी पडद्याकडे पाहिलं, तो निळाच होता. आणि मी म्हणाले, "नको. मी राहीन हॉस्टेलला. सगळ्याच राहतात की." आवाज बरा निघाला. आई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली असं मला वाटलं. मग तिने मान हलवली आणि बाबांना म्हणाली, "लावा पुढे. जिंकताना बघू दे एकदा." आम्ही उरलेला सामना पाहिला. हिरवे जिंकले, परक्या गावात, आणि आम्हा तिघांपैकी कुणीही आश्चर्य वाटल्याचं सोंग केलं नाही.

पुढे फारसं काही घडलं नाही. बाबा दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसात गेले आणि सही परत मागितली. तिथल्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं म्हणे; बायकोला ठेवून घेण्यासाठी कॅम्पात राहण्याचा भत्ता सोडणारा माणूस त्याला त्या वर्षी दुसरा भेटला नव्हता. शेवटी खलास म्हणून त्याने कागद फाडला. खोबरचा फ्लॅट सुटला, पण जुबैलला दोन खोल्या मिळाल्या, आणि आईच्या नऊ मुलांच्या जागी तिथे बारा मुलं जमली. मी जूनमध्ये पुण्याला एकटी आले. पहिलं वर्ष मी कसं काढलं ते इथे लिहीत नाही. दर शुक्रवारी हॉस्टेलच्या कार्यालयात फोन यायचा. बाबा आधी निकाल सांगायचे, म्हणजे सगळं ठीक आहे ते, आणि मग बाकीची हकीकत. ते त्यांनी त्या दिवसापासून कायमचं ठरवून टाकलं होतं. शिपाई हाक मारायला आला की मी आधी नळावर जायचे, तोंड धुवायचे, आणि मगच फोन घ्यायचे. मी मजेत आहे, असं सांगायचे. ते दोघं जुबैलला आणखी आठ वर्षं राहिले. आई म्हणते, तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं.

बाबा जाऊन आता तीन वर्षं होतील. मागच्या हिवाळ्यात मी आणि आई माळा आवरत होतो, तेव्हा एका खोक्यात त्या कॅसेट सापडल्या. बाबांच्या अक्षरात संघांची गावं लिहिलेल्या. त्या लावायला आता कुणाकडे यंत्र नाही, पण फेकवेनात, म्हणून मी त्या फडक्याने पुसत बसले. आई गवार मोडत होती. चाळिशी उलटल्यावर माणसाला काही गोष्टी पोटात ठेवायचा कंटाळा येतो. मी म्हटलं, आई, त्या दिवशी मी खोटं बोलले होते. मला तू हवी होतीस.

"माहीत होतं," ती म्हणाली. तिने शेंग मोडली, शीर ओढून काढली. "तुझा चेहरा कधी काही लपवू शकला आहे का? आणि फोनवर यायच्या आधी तोंड धुऊन यायचीस, तेही कळायचं. आवाज ओला यायचा."

मग मी विचारलं, तरी तू राहिलीस?

"राहिले," ती म्हणाली. "तू खोटं बोलते आहेस हे कळत असून राहिले. मला राहायचं होतं. एकदा तरी मला हवं ते घ्यायचं होतं, आणि ते तू पुढे केलंस, मी घेतलं. वर्षभर वाट पाहत होते, ही फोनवर रडली की निघायचं. तू रडली नाहीस." तिने आणखी एक शेंग मोडली. "त्याची तुझ्याकडे माफी मागायची की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मागू का?"

मी हातातली कॅसेट पाहिली. बोलोन्या, असं तिच्यावर लिहिलं होतं. मला ते पहिलं वर्ष आठवलं, तो नळ, तो शिपाई, आणि जुबैलहून येणारा आईचा आनंदी आवाज.

"नको," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.